पिवळ्या यायचाय अजून

मित्रांनो, मी एक रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, व्हिडिओ गेमचा. जुना आहे, वायरवाला आहे आणि दोन नंबरचा आहे. ज्या डब्याला आम्ही जोडलेले असायचो त्याला पुढून दोन भोकं होती. पहिल्यात माझा थोरला भाऊ, दुसऱ्यात मी. दिसायला आम्ही सारखेच. डाव्या बाजूला चार दिशांची काळी फुली, उजव्या बाजूला दोन लाल बटणं. फरक एवढाच की थोरल्याच्या पोटावर खेळ सुरू करायचं बटण होतं. माझं पोट कोरं. खेळ सुरू करणं माझ्या हातात कधीच नव्हतं. पण माझ्यावाचून तो पुढं सरकत नव्हता. हे ध्यानात ठेवा. माझी सगळी कहाणी एवढ्या एका गोष्टीची आहे.

मी कुठं जन्मलो मला माहीत नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी कारखान्यात साच्यातून निघालो असेन. पाठीवर छापलेलं नावही खरं नव्हतं, एका मोठ्या कंपनीच्या नावासारखं दिसावं म्हणून मारलेला तो शिक्का होता. म्हणजे मी नकली. लपवत नाही. खर्ड्याच्या लालमहंमद चाचांनी पुण्याच्या बाजारातून आम्हाला आणलं, तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं, "चालेल तोवर तुमचं, बंद पडलं की माझ्याकडं येऊ नका." चाचांना त्याचं काही वाटलं नाही. बंद पडलेल्या वस्तू चालू करणं हाच त्यांचा धंदा होता. गावात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांनी एक टीव्ही मांडला, समोर बाकडं टाकलं, खाली चटई अंथरली आणि आमचा संसार सुरू झाला.

आमच्याबरोबर जी कॅसेट आली होती तिचं नाव इंग्रजीत होतं. पोरांनी त्या नावाची पर्वा केली नाही. ती त्या खेळाला 'किल्ला' म्हणायची, आणि मीही तेच म्हणणार.

किल्ल्यात दोन माणसं होती. एकाच्या डोक्याला तांबडं फडकं, दुसऱ्याच्या डोक्याला पिवळं. थोरल्याच्या हुकमात तांबड्या, माझ्या हुकमात पिवळ्या. दोघांनी खंदक ओलांडायचा, भिंती चढायच्या, दरवाजे उघडत वर जायचं. खर्ड्याच्या पोरांना किल्ला नवा नव्हता, गावाला लागूनच खराखुरा उभा आहे. म्हणून ती चुका काढायची. "आरं, ह्या दरवाजाला खिळे न्हाईत. हत्तीनं एक धडक दिली तर गेला की!" कुणी म्हणायचं, "बुरूज बघ, तोफ कुठं ठेवणार, डोक्यावर?" हसून हसून बाकडं हलायचं.

पण त्या खेळात एक गोष्ट अशी होती की जिला कुणी नावं ठेवली नाहीत. तांबड्या कितीही पुढं पळाला तरी पडद्याच्या कडेला जाऊन तो अडायचा. पिवळ्या येऊन त्याच्याजवळ उभा राहीपर्यंत पुढचं चित्र येतच नसे. पडदा सरकत नसे. मागं राहिलेल्याला टाकून जाण्याची सोयच त्या खेळात नव्हती. ज्यानं तो खेळ बनवला तो माणूस मला कधी भेटला नाही. भेटला असता तर त्याच्या पायावर वायर ठेवली असती.

चाचांनी त्यावरून दुकानाचा नियम केला. एकट्यानं बसायचं नाही. एकटा पोरगा आला की ते स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचून म्हणायचे, "जोडीदार कुठाय?"

"न्हाई आला चाचा."

"मंग बस बाकड्यावर. येईल कुनीतरी. एकट्यानंच खेळायचं असलं तर घरी जा आन् आरशापुढं उड्या मार."

मग खरंच कुणीतरी यायचं. वरच्या आळीतला, खालच्या आळीतला, शाळेतला, शाळा सोडलेला. ओळख नसलेली पोरं माझ्या आणि थोरल्याच्या वायरीनं एकमेकांना बांधली जायची. पाच मिनिटांत एकमेकांना शिव्या देऊ लागायची. शिव्या दिल्या म्हणजे ओळख झाली असं आमच्याकडं समजतात.

माझा खरा धनी होता करण. मुक्ताबाईचा एकुलता एक. बाप लवकर गेलेला, घरी थोडी जमीन आणि दोन म्हशी. चाचांचा मुलगा जीशान आणि हा करण एकाच वर्गात. जीशान थोरल्याला धरायचा, करण मला. जीशान चपळ, करण सावकाश. खंदकावरून उडी मारायची वेळ आली की करण हमखास उशीर करायचा आणि पिवळ्या पाण्यात पडायचा. पडला की परत पडद्याच्या या टोकापासून चालत यायचा. जीशान पलीकडं कडेला उभा राहून ओरडायचा, "ये की लेका! म्हातारपन आलं माझं हितं!"

"थांब ना जरा. घाई कशाची? आतमदी तुझं लगीन लागलंय का?"

"तुझ्याबिगर पडदा सरकत न्हाई म्हनून थांबलोय. न्हाईतर कवाच गेलो असतो."

हे खोटं होतं. जीशान गेला नसता. करणच्या तळहाताला घाम यायचा, तो मला पॅन्टीला पुसायचा, आणि पुन्हा धरायचा. त्याच्या उजव्या अंगठ्यानं माझं एक लाल बटण इतकं झिजवलं की त्याच्यावरचं अक्षर गेलं आणि तिथं एक छोटा खड्डा पडला. तो खड्डा अजून आहे. त्याच्यात बरोब्बर एकच अंगठा बसतो. त्या अंगठ्याबद्दल पुढं सांगतो.

शुक्रवारी दुपारी जीशान आणि चाचा नमाजाला जायचे. दुकान करणवर सोडून. अशाच एका शुक्रवारी करण एकटा बसला. त्यानं दोन्ही रिमोट हातात घेऊन पाहिले, जमेना. मग त्यानं सायकलच्या ट्यूबचं एक रबर कापलं आणि माझ्या फुलीवर असं ताणून बांधलं की पुढं जाण्याचं बटण दाबलेलंच राहिलं. पिवळ्या आपोआप चालू लागला. भिंत आली तरी चाले, खंदक आला तरी चाले, पडला की उठून पुन्हा चाले. त्याच्यात जीव नव्हता, पण पडदा सरकत होता. करण खूश. थोरला त्याच्या हातात, आणि मी गळ्याला फास लावल्यासारखा चटईवर.

चाचा परत आले. त्यांनी टोपी खिशात ठेवली, खाली वाकून माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "डोकं लई चालतंय तुझं, करण्या!" मग हसू गेलं. त्यांनी कात्रीनं रबर कापून टाकलं. "पन दोन मानसांचा खेळ हाय ह्यो. रबराचा न्हाई. परत बांधशील तर कान बांधीन."

करणनं परत बांधलं नाही. त्या दुकानात तरी नाही.

वर्षं गेली. किल्ल्याचा दुसरा भाग आला, तिसरा आला. चित्रं सुधारत गेली. तिसऱ्यात तांबड्याला नाक आलं, पिवळ्याला मिशी. त्यांच्यासाठी नवे डबे आले, आमच्या जातीतले नवे रिमोट आले. ते आमच्यापेक्षा देखणे होते आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण दोन भोकं तशीच होती. मग एका भागात बनवणाऱ्यांनी एक सुधारणा केली. दुसरा माणूस नसला तरी चालेल, पिवळ्याला यंत्रच चालवील. मित्रांनो, मला तेव्हाच चाचांची कात्री आठवली. ते काय होतं? रबरच होतं ते, जरा महागातलं. आणि त्याच्याही पुढच्या भागात त्यांनी पिवळ्याला काढूनच टाकलं. तांबड्या एकटा शूर. एकटा चढतो, एकटा जिंकतो, जग त्याला सलाम ठोकतं. त्याच्या डोक्यावरचं फडकंसुद्धा काढून तिथं चिलखत चढवलं.

तोवर गावात मोबाईल आले होते. बाकडं निघालं, चटई गेली. चाचाही गेले. जीशान दुकानात मोबाईल दुरुस्त करू लागला. मला, थोरल्याला, डब्याला आणि कॅसेटला त्यानं जुन्या पंच्याच्या फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवलं. फेकलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो. खणात झुरळं असतात. झुरळांना गेममध्ये रस नसतो, वायरीत असतो.

करण सुप्याला गेला. एमआयडीसीत. लोखंडी पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर कामाला लागला. एका दिवाळीला तो मोठं खोकं घेऊन गावी आला आणि घरी जायच्या आधी थेट दुकानात शिरला. मी खणातून सगळं ऐकत होतो.

"जिश्या, दुकान बंद कर. किल्ला आनलाय."

"कितवा?"

"एकदम नवा. लोकं रांगा लावून घेत्यात. चल, लाव टीव्हीला."

बिभीषणही तिथंच होता. तोही आमच्या बाकड्यावर वाढलेला, आता टेम्पो चालवतो. नवं मशीन लागलं, पडदा उजळला, आणि करणचा आवाज आला, "बघ, बघ! गवताची पात न् पात हालती का न्हाई?"

"गवत बघायचं असलं तर आमच्या बांधावर ये की," बिभीषण म्हणाला. "तिथं बी हालतं."

"तुला काय कळतंय रं?"

"न्हाई कळत. पन ह्याच्यात आता काय उरलं न्हाई, करण्या. पयल्या भागाच्या पुन्याईवर खात्यात हे लोक. नाव तेवढं किल्ला."

"तुला जमत न्हाई म्हनून बोलतो तू. ह्याला सोळा बटनं हायेत. तुला टेम्पोचा रिवर्स सापडत न्हाई!"

ते असंच भांडत राहिले. एक म्हणे मजा गेली, दुसरा म्हणे मजा आता सुरू झाली. तेवढ्यात खण उघडला. जीशाननं फडकं सोडलं, मला बाहेर काढलं, कापसानं स्पिरिट लावून माझी फुली पुसली. माझ्या अंगावर काटा आला म्हणा. त्यानं नव्या मशीनच्या पुढं, मागं, दोन्ही बाजूंना बोट फिरवून पाहिलं. माझ्यासाठी कुठंच भोक नव्हतं. ते ठीकच होतं. मी तरी कशी आशा करावी? मग त्यानं विचारलं, "दुसरा रिमोट कुठाय?"

करणनं हातातला रिमोट मांडीवर ठेवला.

"दुसऱ्याची सोय न्हाई ह्यात. म्हंजे हाय, पन तुझ्या घरी तुझं येगळं मशीन पाहिजे. तू तुझ्या घरी बसायचं, मी माझ्या घरी. तिकडून जोडायचं."

"आरं पन मी हितं बसलोय की. तुझ्याजवळ."

करण खेळला, जीशाननं पाहिलं. मग जीशान खेळला, करणनं पाहिलं. "लई भारी," जीशान म्हणाला. "एक नंबर," म्हणाला. मग एक गिऱ्हाईक आलं, तो उठला आणि त्याचा मोबाईल खोलून बसला. करणनं थोड्या वेळानं मशीन पुन्हा खोक्यात भरलं. जाताना दारात म्हणाला, "सुप्यात रूमवर मी खेळतो ना, दूर दूरचे लोक असत्यात संगं. मी मागं पडलो की मला बाहेर काढत्यात. टीम हरती म्हनून. एक बटन दाबत्यात आन् मी बाहेर."

"कोन लोक?"

"काय म्हाईत. नाव बी खरं नसतं त्यांचं."

लोक अजून विचारतात, किल्ल्याच्या त्या मालिकेत आता पहिली मजा राहिली नाही का? मोठ्या शहरातले जाणकार म्हणे त्यावर तासन्‌तास बोलतात. चित्रं, आवाज, गोष्ट, सगळ्याला गुण देतात. काही शहाणे सांगतात की तुमचं वय झालं, म्हणून मजा गेली. साफ खोटं. खेळ म्हातारा झाला नाही, आणि करण-जीशानही म्हातारे झाले नव्हते. चित्रं तर इतकी सुंदर झाली की डोळे दिपावेत. पण जिथं आधी दोघांची चटई होती तिथं यांनी एकाची खुर्ची ठेवली, आणि वर विचारतात, लोक कंटाळले का! मी नकली, स्वस्त, दोन नंबरचा रिमोट आहे. पण हे मला कळतं आणि त्यांना कळत नाही, याचा मला राग येतो.

आता सुप्याचं सांगतो. मी तिथं नव्हतो. मुक्ताबाईनं दुकानाच्या काउंटरला टेकून जे सांगितलं ते सांगतो.

एका सकाळी ती आली. डोक्यावरचा पदर घामानं ओला. तिनं पिशवीतून करणचा मोबाईल काढून जीशानसमोर ठेवला. "ह्यो उघडून दे बाबा. सारखा वाजतो. त्यो घेत न्हाई. मला उघडता येत न्हाई."

"मावशी, त्याचा अंगठा लावला की उघडंल."

मुक्ताबाईनं मोबाईल हळूच मागं ओढला. मग जीशानला आठवलं. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. करणचा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती. जीशान दवाखान्यात जाऊन आला होता. करण गावी आल्यावर घरीही जाऊन आला होता. दोन्ही वेळा करण भिंतीकडं तोंड करून पडला होता, आणि जीशान त्याच्या पाठीशी बोलून परत आला होता.

"चूक झाली मावशी. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"तुझं काय चुकलं? मी बी कधी कधी त्याच्या ताटात चमचा ठेवायचा इसरते." ती काउंटरवर हात फिरवत राहिली. "जेवत न्हाई माझ्याम्होरं. बोलत न्हाई. कोनी आलं की चादर घेतो डोक्यावर. कालच्याला म्हनला, आई, मी आता अर्धा मानूस हाय, मला लोकांत बसवू नको. जीशान, मी एकटी हाय रं. त्यो असाच पडून ऱ्हायला तर..."

 

मग तिनं कारखान्याचं सांगितलं. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, बाहेर, सुरक्षित. ज्यानं ती दोन बटणं लावली तोही माझा किल्ला बनवणाऱ्यासारखाच कुणी शहाणा माणूस असणार. पण दोन हातांनी काम सावकाश होतं. माल जास्त निघावा म्हणून एक बटण कायमचं दाबून चिकटपट्टीनं बांधलेलं होतं. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. करणनं डाव्या हातानं बटण दाबलं. उजवा आत होता.

"सायेब म्हनला, तुमच्याच पोरानं पट्टी लावली. त्याचाच निष्काळजीपना."

जीशाननं हातातला चिमटा खाली ठेवला. मग त्यानं खण उघडला. आम्हाला चौघांनाही, मला, थोरल्याला, डब्याला आणि कॅसेटला, त्याच फडक्यासकट पिशवीत घातलं. "चला मावशी."

करणच्या घरी भर दुपारी पोचलो. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला होता. जीशान त्याला हाक मारायला गेला नाही. त्यानं टीव्हीच्या मागं आमच्या वायरी खोचल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली, आणि खाली जमिनीवर बसला. ते जुनं टिंगटिंग संगीत वाजलं. खाटेवरची पाठ किंचित हलली.

जीशाननं थोरल्याला हातात घेतलं. मला खाटेच्या पायाशी ठेवलं. तांबड्या चालत पडद्याच्या कडेपर्यंत गेला आणि उभा राहिला. पिवळ्या या टोकाला, जागच्या जागी पाय आपटत.

मुक्ताबाई दाराशी बसली होती. "का थांबलं रं ते?"

"पिवळ्या यायचाय अजून."

तिनं चहा केला. चहा निवला. वर साय धरली. तांबड्या कडेला उभाच. तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजत राहिले. शेवटी भिंतीकडून आवाज आला.

"रबर लाव."

"न्हाई लावनार."

"मंग बस तसाच."

"बसतो."

"मला येत न्हाई आता. कळत न्हाई का तुला?"

"पडदा सरकत न्हाई तुझ्याबिगर. मी काय करू?"

करण एकदम उठून बसला. चादर पडली. त्यानं उजवा हात जीशानच्या तोंडासमोर धरला. "हे बघ! बघितलं? रबर मीच बांधलं हुतं ना? पट्टी बी मीच बांधली. सायेबानं रीळ आनून हातात दिलं. म्हनला, करन, तुझं डोकं चालतंय, तूच लाव, बाकीच्या मशीनींवर बी तूच लावून दे. पाठ थोपटली माझी. मला लई भारी वाटलं. आता म्हनतो, मी सांगितलंच न्हाई."

मुक्ताबाईच्या तोंडाला पदर होता. जीशाननं तो हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून राहिला.

"माझ्या बापानं पाठ नव्हती थोपटली," तो हळूच म्हणाला. "कापलं हुतं त्यानं रबर."

"व्हय," करण म्हणाला. "कान बांधीन म्हनला हुता." आणि मग तो रडला. मोठा माणूस रडताना चांगला दिसत नाही. तरी त्या घरात बऱ्याच दिवसांनी आवाज झाला.

रडून झाल्यावर त्यानं मला उचललं. डाव्या हातात. डावा अंगठा फुलीवर आला. तो मला ओळखीचा होता, फक्त थोडा जाड झाला होता. पिवळ्या चालू लागला. मित्रांनो, पुढं जायला डावा अंगठा पुरतो. त्या नव्या किल्ल्यात पुरला नसता. पण खंदकापाशी पिवळ्या थांबला. उडी मारायची तर उजवीकडचं लाल बटण, तेच, खड्डा पडलेलं. करण तिथं बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "हिकडं ये."

मुक्ताबाई पदराला हात पुसत आली. "मला न्हाई येत बाई ते."

"बस. हितं बोट ठेव. मी 'आता' म्हनलो की दाब."

तिचं शेणामातीचं, भेगाळलेलं बोट त्या खड्ड्यात आलं. ते तिथं बरोबर बसत नव्हतं. पण आलं. माझ्या एका बाजूला लेकाचा हात, दुसऱ्या बाजूला आईचा. इतकी वर्षं किती हातांतून गेलो, पण एका वेळी दोन माणसांनी मला कधी धरलं नव्हतं.

"आता!"

तिनं दाबलं. उशिरा. पिवळ्या पाण्यात गेला.

"पडला का रं?"

"पडला."

"मरूदे मेलं ते! म्या सांगितलं हुतं. मंग आता?"

"आता परत."

"सावकाश मावशी," जीशान म्हणाला. "मी हाय हितं. पडदा कुठं जात न्हाई."

तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की जीशान येतो. पहिला खंदक अजून ओलांडलेला नाही. मुक्ताबाईचं बोट कधी आधी पडतं, कधी मागून. कधी करणच चिडतो, मला आपटतो, आणि भिंतीकडं वळतो. असे दिवस जास्त आहेत. त्याचा मोबाईल अजून बंदच आहे. कारखान्यातून कुणी आलेलं नाही. त्याची बोटं परत येणार नाहीत, आणि मी काही त्याची बोटं होऊ शकत नाही. ही गोष्ट गोड करून सांगायची मला सवय नाही.

म्हणून मित्रांनो, मला जपा, फडक्यात गुंडाळा, असली विनवणी मी करणार नाही. मी प्लास्टिक आहे. माझी वायर झुरळांनी एका जागी कुरतडली आहे, एक दिवस मी बंद पडेन, आणि तो दिवस फार लांब नाही. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्यातलंच कुणीतरी खेळ बनवील, कुणी यंत्रं बनवील, कुणी कारखान्यात साहेब होईल. तेव्हा दोन माणसांच्या जागी रबर बांधू नका. दोन हातांच्या जागी पट्टी लावू नका. आणि कुणी मागं राहिलाय असं दिसलं तर कडेला जाऊन उभे राहा. कंटाळा येईल, चहा निवेल, तरी उभे राहा.

आत्ता दुपार आहे. संगीत वाजतंय. खाटेवरची पाठ भिंतीकडं आहे आणि मी खाटेच्या पायाशी पडून आहे. मुक्ताबाईनं पदराला हात पुसून ठेवलेत. तांबड्या पडद्याच्या कडेला थांबलाय.

पिवळ्या यायचाय अजून.